लँडमास्टरची मागची सीट

आमच्या घरात देवघर आहे, पण ते बायकोच्या खात्यात. माझ्या खात्यात पान्यांचा डबा, मल्टिमीटर आणि ग्रीसचे डाग. उभी नोकरी मी मेंटेनन्स डिपार्टमेंटला काढली. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलेलं नसतं... या एका वाक्यावर मी पोट भरलं. त्यामुळे या सदरातले अनुभव बायको वाचून दाखवायची तेव्हा मी तिला छेडायचो, की या भुतांना पांढऱ्या साडीशिवाय दुसरं काही मिळत नाही का. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातून हसतेय. हसू दे.

गोष्ट पंच्याण्णव सालच्या मे महिन्यातली, पेणची. आमचे बाबा खाडीकडच्या एका मिठागरावर मुकादम होते. मालक मुंबईचे. त्यांनी धंदा आवरला तेव्हा त्यांची जुनी लँडमास्टर गाडी बाबांच्या हवाली केली. नव्या पिढीला लँडमास्टर माहीत नसेल, तर अ‍ॅम्बॅसिडरची थोरली बहीण म्हणा. बाहेरून भक्कम, राजेशाही. आत मात्र खाऱ्या हवेने सगळं खाल्लेलं. दारांची आतली पॅनेलं हार्डबोर्डची, ती ओल धरून पापडासारखी फुगलेली. मागच्या सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, कोण बसेल त्याला टोचायच्या.

आणि माझी धाकटी बहीण कुंदा, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा रोह्याचा, प्रकाश, धाटावच्या एका कारखान्यात शिफ्टला जाणारा. लग्न पेणला आमच्या दारात, आणि वरात रोह्याला. बाबांनी जाहीर केलं की मुलगी भाड्याच्या गाडीतून जाणार नाही, आपल्या गाडीतून जाईल. ते बोलून मोकळे झाले, काम माझ्या गळ्यात.

पण खरी चिंता सीटची नव्हती, कुंदाची होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आई गेली त्या दिवसापासून ही पोरगी रडली नाही. एकदाही नाही. घर सांभाळलं, बाबांचं पथ्य सांभाळलं, माझे डबे केले, पण हळूहळू उंबऱ्याबाहेर पडायचीच बंद झाली. बाजारात जायचं तरी शेजारच्या काकूंना हाक मारायची. एकटी म्हणून कुठे जायची नाही. लग्नाबद्दल विचारलं तेव्हा "तुम्ही ठरवा" एवढंच म्हणाली. आणि साखरपुडा झाल्यावर एकदा मी गाडीखाली झोपून काम करत होतो, तेव्हा बाजूला येऊन उभी राहिली. मला फक्त तिचे पाय दिसत होते. म्हणाली, "दादा, मी तिथे एकटी राहू शकणार नाही. परत आले तर घरात घ्याल ना?"

मी गाडीखालून बाहेरच आलो नाही. तोच नट पुन्हा पुन्हा आवळत राहिलो.

आमच्याकडे नवरीबरोबर पाठराखीण जाते. माहेरचं एखादं बाईमाणूस, मावशी, आत्या, वहिनी, नाहीतर आजी. ती नवरीशेजारी गाडीत बसते, नव्या घरात पहिले काही दिवस तिच्याजवळ राहते, काय हवं-नको बघते आणि पोर जरा रुळली की परत येते. सासरची मंडळी तिला मानाने खण-नारळ देतात. कुंदाबरोबर मावशी जाणार होती. मी तेव्हा बिनलग्नाचा, म्हणजे वहिनी नावाची सोय नव्हती. आत्या कुणी नव्हतीच. सगळी भिस्त मावशीवर. कुंदा मावशीच्या भरवशावरच बोहल्यावर उभी राहायला तयार झाली होती, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

तर सीट. वडखळच्या पुढे हायवेला अन्वरभाई म्हणून एक भंगारवाला होता. त्याच्याकडे पहिल्या मॉडेलची एक अ‍ॅम्बॅसिडर कापायला आली होती. इंजिन गेलेलं, पत्रा सडलेला, पण आतून गाडी बघितली आणि मी वाकून आतच शिरलो. गडद तांबड्या रेक्झिनची सीट, त्याच रंगाची दारांची पॅनेलं, कुठे चीर नाही, कुठे डाग नाही. कुणीतरी ती गाडी आतून घरासारखी ठेवली होती. अन्वरभाईला म्हटलं, हिचं सगळं आतलं सामान मला दे.

लोकांना वाटतं सीट काढली, दुसरी टाकली, झालं. तसं नसतं. लँडमास्टर आणि ती अ‍ॅम्बॅसिडर एकाच घराण्यातल्या, रुंदी जवळपास बसत होती, पण पाठीचे हूक वेगळ्या जागी. मी अँगलचे तुकडे कापून नवीन ब्रॅकेट केले, वेल्डिंग करून घेतले, गादीखाली नवा काथ्या भरला. सेकंड शिफ्ट असली की सकाळभर तेच. गादी उलटी करून झटकली तेव्हा स्प्रिंगांमधून अक्षता पडल्या. चांगल्या मूठभर. कुंकू लावलेले तांदूळ, वाळून खडा झालेले, आणि त्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे. म्हणजे गाडी बऱ्याच लग्नांना फिरलेली. मी ते केरात टाकत होतो, तर बाबांनी हात धरला आणि सगळं गोळा करून तुळशीत नेऊन टाकलं.

पॅनेलांनी मात्र दमवलं. उजव्या मागच्या दाराचं पॅनेल घासून-पुसून बसलं. डाव्या दाराला हँडलचं भोक आणि आतला दांडा काही जुळेना, आणि आतली पट्टी गंजून धरलेली. जोर लावला तर तुटेल. शेवटी मी ते दार आतल्या हँडलशिवायच ठेवलं. बाहेरून उघडायचं, आतून उघडता यायचं नाही. लग्नानंतर बघू म्हटलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे माझं डोकं या एका दारावरच आपटलंय.

हळदीच्या दिवशी मावशीचा निरोप आला. रक्तदाब वाढून चक्कर आली, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं होतं. मग बाबांनी आणि मी गावभर विचारलं. कुंदाच्या एका मैत्रिणीने हो म्हटलं, तिच्या घरच्यांनी नाही म्हटलं. शेजारच्या काकूंच्या घरात बाळंतीण. लग्नसराईत ज्याला त्याला आपल्या घरचं लग्न असतं, राग तरी कुणावर धरायचा? कुंदाला कळलं तेव्हा ती हळदीच्या पाटावर बसली होती तशीच बसून राहिली. बायका गाणी म्हणत होत्या, आणि ही जिवंत आहे की नाही असं वाटावं इतकी स्थिर. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. मुलगी सासरी जाईल आणि आठवड्यात परत येईल, किंवा येणारही नाही आणि तिथेच आतल्या आत वाळून जाईल. यातलं काहीतरी होणार, असं मी धरूनच चाललो होतो.

लग्न लागलं, जेवणं झाली, दुपार कलायच्या आत निघायचं ठरलं. वऱ्हाडाची बस पुढे गेली. गाडीत मी कुणाला चढू दिलं नाही. चारचौघं कोंबली की नव्या ब्रॅकेटचं काय होईल याची मला धास्ती होती. प्रकाशराव पुढे माझ्या शेजारी बसले, कारण मागे बसलं की त्यांना मळमळतं. नवरदेवाने फेटा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं, हे दृश्य बघून आमच्याकडची पोरं खूप हसली. मागे कुंदा, माझ्या पाठीमागे, उजव्या बाजूला. बायका तिच्या खिडकीपाशी गर्दी करून रडत होत्या. ती नाही.

मी चावी फिरवली, आरसा सरळ केला, आणि आरशात दिसलं की कुंदाच्या डावीकडे एक म्हातारी बाई बसलेली आहे.

बारीक अंगाची, जांभळं नऊवारी लुगडं, हातावर गोंदण. अगदी सावरून, पदर खोचून, सवयीने बसावं तशी बसलेली. मला वाटलं, प्रकाशरावांची कुणी आत्या किंवा चुलती. नवरीबरोबर कोणी नाही हे बघून त्यांच्या बायकांनी पाठवली असणार. मनात म्हटलं, देवमाणसं मिळाली. आता यावर तुम्ही म्हणाल, विचारलं का नाहीस? अहो, लग्नात बाईमाणसाला "आपण कोण?" असं विचारायचं असतं का? त्यांच्याकडची कुणी मानाची निघाली तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं, की मुलीच्या भावाने आम्हाला ओळखलंसुद्धा नाही. प्रकाशरावांनी वळून तिला नमस्कार केला. मी म्हटलं, बघा, त्यांचीच.

वडखळ मागे पडलं. मग मागून आवाज आला. हळू, पण मला स्पष्ट ऐकू आला.

"आता रडून घे गो बाय. कासू जाईपरत रड. नागोठण्याला तोंड धुवू. रोह्यात सुजलेलं डोळं नेऊ नको, पयला दिस हाय."

आणि कुंदा रडली. दोन वर्षांचं सगळं. आधी नुसता श्वास अडकल्यासारखा आवाज आला, मग "आई, आई" म्हणत ती त्या बाईच्या मांडीवर कोसळली. म्हातारीचा हात तिच्या पाठीवर फिरत होता. मला पुढचा रस्ता दिसेना. मी आमच्या कारखान्यात बॉयलर फुटताना पाहिलाय आणि जागचा हललो नव्हतो, पण त्या दुपारी मी गाडी बाजूला घेऊन डोळे पुसले. प्रकाशराव बिचारे खिडकीबाहेर शेतं बघत बसले. मे महिन्यात त्या शेतांत बघण्यासारखं काही नव्हतं.

कासू स्टेशनचा फाटा गेला आणि तिचं रडणं खरंच ओसरलं. नागोठण्याला मी एका हॉटेलसमोर थांबलो. प्रकाशराव पाण्याचा तांब्या घेऊन आले, कुंदाने खिडकीतूनच तोंड धुतलं. मी दोन लिंबू सोडे आणले. म्हातारीसमोर एक धरला तर म्हणाली, "मला नको रे, तिलाच दे." मी तो कुंदाला दिला. तिने दोन्ही प्यायले. दोन दिवसांत तिने पोटात घेतलेलं मी पाहिलेलं ते पहिलं.

नागोठण्याहून रोह्याला भिसे खिंडीतून जवळ पडतं, पण गाडीचं वय बघून मी सरळ हायवेने कोलाडला जाऊन वळायचं ठरवलं होतं. त्या वाटेने मागे दोघींचं अखंड काहीतरी चाललं होतं. इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नव्हते. एकदा कुंदा हसली. खांब गाव गेलं तेव्हा मी आरशात पाहिलं, तर म्हातारी बाहेर बघत होती आणि कुंदाचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. डोळे मिटलेले. झोपली होती.

रोह्यात प्रकाशरावांच्या गल्लीत बँड, फटाके, ही गर्दी. करवलीने कुंदाच्या बाजूचं दार उघडलं आणि बायकांनी तिला उतरवून नेलं. मी खाली उतरलो, गाडीला वळसा घालून डावीकडे आलो आणि म्हातारीसाठी दार उघडलं. सीटवर कुणी नव्हतं. वाटलं, कुंदाच्या मागोमाग त्याच दाराने उतरली असेल. त्या वयात एवढ्या लांब सीटवरून सरकत जाणं... पण बायका काय करतील सांगता येत नाही.

कुंदाने माप ओलांडलं. मी मांडवात सरबत पीत बसलो होतो, तेवढ्यात तिच्या सासूबाई आल्या. हातात खण, नारळ. म्हणाल्या, तुमच्या मावशी कुठे दिसत नाहीत, पाठराखणीचा मान द्यायचाय. मी म्हटलं, मावशी आजारी आहेत, त्या आल्याच नाहीत. मग गल्लीत शिरताना गाडीत दिसल्या त्या कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्या तुमच्याकडच्या ना?

सासूबाईंनी आपल्या सगळ्या बायकांना विचारून घेतलं. जांभळं लुगडं कुणाचं नव्हतं. प्रकाशराव शपथेवर सांगत होते की मी नमस्कार केला, पण तुमच्याकडच्या समजून. त्यांची आई शहाणी बाई. तिने विषय वाढवला नाही. खण-नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, असू देत, भेटल्या की द्या, आणि सूनबाईपाशी यातलं काही बोलू नका.

परत येताना मी कारण शोधलं, आणि मला ते सापडलंही. लग्नाच्या गाड्या म्हणजे फुकटची एसटी. रोह्याला जायचं असलेली कुणीतरी म्हातारी बघून बसली असेल, आमचं एकमेकांवर ढकलणं तिच्या पथ्यावर पडलं असेल, आणि गर्दीत पसार झाली असेल. माझं समाधान झालं. फक्त ते दार मनात अडकून राहिलं. डावीकडून आतून उतरता येत नव्हतं. उजवीकडून उतरली असती तर करवलीने बघितलं असतं, कारण कुंदा उतरल्यावर करवलीने स्वतः ते दार लावलं होतं. निघण्याआधी मी तिला विचारलंही होतं. ती म्हणाली, सीट रिकामी होती.

कुंदा परत आली नाही. म्हणजे रीतीप्रमाणे आली, दोन दिवस राहिली, गेली. गणपतीत आली, गेली. तब्येतीने भरली होती, आणि त्या बाईचा पत्ता कुणालाच लागला नाही हे तिला प्रकाशरावांकडून कळलं होतं. तिने आपणहून मला सांगितलं की त्या बाईने तिला वाटेत काय काय सांगितलं. मोठं असं काही नव्हतं. पिण्याचं पाणी कुठल्या हंड्यातलं ते पहिल्याच दिवशी विचारून घे, म्हणजे पाहुणीसारखं मागायला लागत नाही. सासऱ्याचा चहा कोण करतं ते बघ, आणि तिच्या हातचं काम लगेच काढून घेऊ नको. असलंच सगळं. आणि म्हणाली, "दादा, पहिले काही दिवस मला सारखं वाटायचं की कुणीतरी पाठीमागे बसलंय. भीती नाही वाटायची. उलट जरा धीटच व्हायचे." मी म्हटलं, मनाचे खेळ. ती म्हणाली, असतील.

दिवाळीला ती तुळशीच्या लग्नापर्यंत राहायला म्हणून पेणला आली. मी त्या सुमारास डाव्या दाराच्या पट्टीसाठी अन्वरभाईकडे गेलो होतो. त्याच्याकडे पट्टी नव्हती. पण ती गाडी कुठून आली होती ते त्याने सांगितलं. खांबच्या अलीकडे आत एका वाडीतून, शेतकऱ्याचं मोठं घर. त्या घरातले म्हातारे पंचक्रोशीतल्या कुठल्याही मुलीच्या लग्नाला गाडी द्यायचे. म्हटलं, जाऊन बघावं, घरात एखादा सुटा भाग पडला असेल. माझं कारण एवढंच होतं, हे खरं सांगतो. कुंदा म्हणाली, मी पण येते. निघताना तिने सासूबाईंनी माझ्याकडे दिलेला तो खण कपाटातून काढून पिशवीत टाकला आणि बाबांकडून नवा नारळ मागून घेतला. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, असू दे बरोबर.

घर सापडायला त्रास झाला नाही. खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. घरधनी शेतावर होते, त्यांची बायको पुढे आली. तिने लँडमास्टरकडे पाहिलं, मग मागच्या काचेतून आत डोकावून सीट ओळखली आणि हरखून गेली. मामंजींनी किती जपली होती म्हणून सांगायला लागली. मी तिच्याशी हँडलबद्दल बोलत होतो. कुंदा माझ्या बाजूला नव्हती. बघतो तर ती पडवीत एका खाटेपाशी उभी.

खाटेवर तीच होती.

मी माणूस ओळखायला चुकत नाही. तो आरसा मी तासभर बघितला होता. फक्त ही अंथरुणाला खिळलेली, चेहरा आणखी बारीक, नजर छताकडे. हातावर तेच गोंदण. घरधनीण म्हणाली, या आमच्या आत्या, मामंजींची बहीण. आसपासची कुठलीही पोर सासरी निघाली की पाठराखीण म्हणून यांनाच बोलावणं यायचं, गाडी आमची आणि आत्या पण आमच्या. मग खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून चार वर्षं या खाटेवरून खाली उतरलेल्या नाहीत. मी विचारलं, मे महिन्यात कुठे गेल्या होत्या का? म्हणाली, कुशीवर वळवायला दोघं लागतात, जाणार कुठे?

मग तिलाच आठवलं. लग्नसराईत एक दिवस यांनी हट्ट धरला होता. जेवल्या नाहीत, जांभळं लुगडं नेसव म्हणाल्या. नेसवलं. आणि दुपारी अशा झोपल्या की हलवून उठेनात. नाकाशी सूत धरून बघितलं. दिवस मावळताना आपल्या आपण जाग्या झाल्या आणि भाकरी मागितली. तारीख, वार तिला सांगता येईना. मीही खोदून विचारलं नाही. खरं तर मला विचारायची हिंमत झाली नाही.

कुंदा खाटेच्या कडेला बसली. खण उघडून म्हातारीच्या हातात दिला, नारळ उशाशी ठेवला. म्हातारीने बोटांनी काठ चाचपला.

"उशीर केलात गो," ती म्हणाली.

घरधनीण हसली. म्हणाली, मनावर घेऊ नका, त्यांना आता माणसं कळत नाहीत, येईल त्याला हेच म्हणतात. असेलही. कुंदाकडे बघून ओळख पटल्याची एकही खूण तिच्या चेहऱ्यावर नव्हती. कुंदा तिचा हात धरून बसून राहिली, बराच वेळ. मी चहा प्यायलो, झोडणी बघितली. निघायची वेळ झाली तसा मी पडवीत जाऊन वाकून नमस्कार केला. तेव्हा म्हातारीने मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"गाडी तुझीच ना रे?"

मी हो म्हटलं.

"आता मला न्यायला येऊ नको. हिला आता कोण लागायचं नाय."

एवढं बोलून तिने डोळे मिटले.

या सगळ्यावर मी पुष्कळ विचार केलाय. दोन म्हाताऱ्या सारख्या दिसू शकतात. गोंदण त्या काळच्या सगळ्याच बायकांच्या हातावर असायचं. जांभळी लुगडी काय कमी आहेत? अंथरुणावरचं माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीही बोलतं. एकेक सुटं घेतलं तर प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर आहे. सगळं एकत्र जोडायला गेलो की ते बसत नाही. आणि जिवंत माणसाबद्दल हे असलं काही म्हणायला शब्दसुद्धा नाही आपल्याकडे. भूत म्हणावं तर बाई समोर श्वास घेत होती. ती पुढे दोनेक वर्षं होती असं ऐकलं. कारण मला सापडलेलं नाही, आणि आता मी शोधायचं थांबवलंय.

मी थांबवलं त्याला निमित्त त्याच दिवशी परतीच्या वाटेवर झालं. वाडीतून गाडी हायवेला आली. कुंदा मागे बसली होती. ती अजून आठवडाभर पेणला राहणार होती, म्हणून मी सरळ पेणच्या बाजूला वळायला लागलो. तर मागून आवाज आला, "इकडे कुठे, दादा? मला घरी सोड."

मी म्हटलं, घरीच तर चाललोय.

ती म्हणाली, "रोह्याला रे. कापडं नंतर आणून दे. यांची रात्रपाळी आहे, डबा व्हायचाय."

मी आरशात पाहिलं. ती सीटच्या मधोमध बसली होती, दोन्ही हात दोन्हीकडे पसरून, आणि भाजी कसली करावी याचा विचार करत होती. मी एका ट्रकला वाट दिली आणि गाडी कोलाडच्या बाजूला घेतली.